नको असलेला शब्द

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी अरुणकुमारांना स्क्रीनकडे बघायची मनाई केली होती. म्हणून त्या सकाळी समाजमंडळाच्या वधूवर केंद्राकडून त्यांना येणारे ई-मेल वाचायचं काम सुनेकडे आलं. शिल्पाने आधी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे, विजयाबाईंचे, आखडलेले पाय तेल लावून चोळले, त्यांना उशीला टेकवून बसवलं, आणि मग ती कॉम्प्युटरसमोर बसली.

अरुणकुमार भिलाईच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. मुलगा निखिल अपघातात गेला, त्यानंतरच्या स्नेहसंमेलनात ते माइकवर म्हणाले होते की शिल्पा आता सून नाही, लेक आहे, आणि तिचं लग्न मी लावून देणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बायांनी डोळे पुसले. त्यांनी खरोखरच तिची माहिती दूरदूरच्या मंडळांना पाठवली. उत्तर मात्र येईना. ती कधी विचारत नसे, तेच चहा घेताना सांगत, "काहीच नाही आलं बेटा. लोकाइची नजर अजून जुनीच आहे." ती उलट त्यांचीच समजूत काढी. आपल्याला कोण विचारणार, हे तिलाही हळूहळू पटत चाललं होतं.

पण आदल्या दिवशी सिविक सेंटरच्या बाजारात मंडळाच्या नूतनताई भेटल्या आणि चारचौघांत टोमणा मारून गेल्या. जवळच्याच कुम्हारीत वर्कशॉप चालवणाऱ्या सुमेध नावाच्या विधुराने शिल्पासाठी पुन्हा पुन्हा मेल केला, त्याला साधा नकारही गेला नाही. "येवढा भाव खाऊन नको राहू वं बाई," त्या म्हणाल्या.

मेल स्पॅममध्ये गेला असेल, असं शिल्पाला वाटलं. आज तिने तिथे पाहिलं, नव्हता. मग तिला आठवलं. कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेलनी बाबा हैराण झाले होते, तेव्हा तिनेच त्यांना शिकवलं होतं. सेटिंगमध्ये नको असलेला शब्द लिहून ठेवायचा. तो शब्द असलेला मेल इनबॉक्समध्ये न येता थेट कचरापेटीत जातो. बाबा लहान मुलासारखे खूश झाले होते. तिने ते पान उघडलं.

"काय आलं बेटा? वाच न," अरुणकुमार खुर्चीतून म्हणाले.

तिने रोजच्याच आवाजात वाचलं. "लोन. लॉटरी. क्रेडिट कार्ड. शिल्पा."

कचरापेटीत सुमेधचा शेवटचा मेल तेवढा शिल्लक होता. आधीचे आपोआप पुसले गेले होते. ते किती होते आणि कुणाकुणाचे, हे आता इथून कळणार नव्हतं.

"माहं नाव तुमीच टाकलं न, बाबा?"

"तू गेली असती तं हिच्याकडे कोनं पाह्यलं असतं?" ते म्हणाले. "बाई ठेवून पाह्यली, टिकली का? तुले इथं काही कमी पडू देलं का आमी?"

"मंग माइकवर कावून बोलले?"

शिल्पाने विजयाबाईंकडे पाहिलं. निदान त्या तरी नवऱ्याला दोन शब्द बोलतील, अशी तिला आशा होती. विजयाबाई चादर सारखी करत पुटपुटल्या, "हळू बोल न बेटा. शेजारी आयकतीन."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

या घरात तिला कुणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं, पांढरं नेसायला लावलं नव्हतं. प्रेमाने लेक म्हटलं होतं, आणि राबायला हक्काचं माणूस हवं म्हणून त्या लेकीचं उरलेलं आयुष्य गुपचूप कचऱ्यात टाकलं होतं. असं घर भिलाईत एकच असेल, असं ज्याला वाटतं त्याने आपल्या घरातल्या विधवेला एकदा समोर बसवून विचारावं.

शिल्पाने आपलं नाव त्या शब्दांतून काढलं. मग मंडळाच्या सगळ्या सभासदांना मेल लिहिला: "मी शिल्पा. माझ्यासाठी आलेले मेल माझ्याच घरात अडवले गेले. ज्यांनी लिहिलं होतं, त्यांनी खाली दिलेल्या माझ्या पत्त्यावर पुन्हा लिहावं. मी स्वतः वाचीन, आणि हो की नाही तेही स्वतःच कळवीन."

तिने मेल पाठवला. अरुणकुमारही सभासदच; दुसऱ्याच क्षणी त्यांच्या खिशातल्या फोनवर मेल आल्याची घंटी वाजली.

"काय लिवलं?" त्यांचा आवाज पडला होता. "वाचून दाखव न बेटा."

"डोळे बरे झाले का तुमीच वाचा, बाबा," ती उठत म्हणाली. "तवापर्यंत बाकीच्याइचं वाचून होईन."