गाळलेला अर्धा मीटर

वैनगंगेचं पाणी नाल्यात उलटं चढलं की पलीकडचं गाव तुटतं. गावाचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, किती वाजता बुडेल हे सांगणारा प्रोग्राम शाजियाने ब्रह्मपुरीच्या कॉलेजात लिहिला होता. उत्तर यायला पाच तास लागत. पूर कोणासाठी एवढा थांबतो?

आज धरणाची दारं उघडली आणि तिचे अब्बा, बाबूभाई, जीप घेऊन तिथल्या गावकऱ्यांना बाहेर काढायला निघाले. "रपटा कवापर्यंत चालते, तेवढं सांग बेटा." शाजियाने कंबर कसली. जुना प्रोग्राम लाखो फेऱ्यांत तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसे, रोज कृती बघून वरण करणाऱ्या नवऱ्यासारखा. तिने तेवढं गणित कंपाइल करून एकदाच यंत्राच्या भाषेत उतरवलं. पाच तासांचं काम अकरा मिनिटांत झालं! उत्तर आलं, चार वाजता. "पक्कं," तिने अब्बांना कळवलं.

मग ताळा म्हणून तिने पहिल्या तासाचंच गणित जुन्या प्रोग्रामवर केलं. आकडे जुळेनात. तिने नवा प्रोग्राम ओळीओळीने तपासला. कंपाइल करताना आकड्यांचा प्रकार आधी सांगावा लागतो. नाल्यातली पाणी मोजायची पट्टी वाचणारे लटारूभाऊ एरवी पुरे मीटरच सांगत, म्हणून तिने बिनधास्त 'पूर्णांक' लिहिलं होतं. आज ते साडेसात, साडेआठ सांगत होते आणि नवा प्रोग्राम मुकाट्याने अर्धा मीटर गाळत होता.

तिने चूक सुधारली. पुन्हा अकरा मिनिटं. उत्तर दोन चाळीस. घड्याळात दोन पस्तीस झाले होते.

अब्बांचा फोन लागेना. लटारूभाऊ रपट्यावरच होते; तिने त्यांना लावला.

"भाऊ, अब्बाले थांबवा! मी चुकली, रपटा आताच बुडते!"

"तिसऱ्या खेपेले निघालेच ते. पल्याड माही घरवाली रंभा हाय, पोरी."

शाजियाला रडू फुटलं. "तरी थांबवा."

आरडाओरडा, हॉर्न. मग धापा टाकत लटारूभाऊ म्हणाले, "आडवा झालो जीपले, थांबले बाबूभाई. रपट्यावरून पानी चाललं. रंभा अन् बारा जन पल्याड समोरच्या शाळेत गेले. तिथी पानी येते काय?"

पुन्हा अकरा मिनिटं. दोघांनीही फोन ठेवला नाही.

"पायरीपर्यंत येते. वर नाई."

"पक्कं?"

तो शब्द तिला आता उच्चारवेना.

"नाई, भाऊ. रंभाबाईले अन् साऱ्यायले छतावर चढवा."