दोरा ओवलेली सुई

मी एक जुनी सुई आहे. गोधडी शिवायची, लांब, जाड आणि मोठ्या नेढ्याची. नेढे म्हणजे दोरा ओवायचे भोक. मित्रांनो, सुईचे आयुष्य ते काय आणि त्यात सांगण्यासारखे काय, असे तुम्हाला वाटेल. पण मी सत्तावीस वर्षे दोन माणसांच्या हातांत काढली, आणि एका मांजराचा जीव माझ्यामुळे जाता जाता राहिला. तेवढे मला सांगू द्या.

माझा जन्म पोलादी तारेतून झाला. कारखान्यात तार कापली, तापवली, गार केली. एका टोकाला घासून घासून अणी काढली, दुसऱ्या टोकाला भोक पाडले. मग आम्हा दहा बहिणींना काळ्या कागदात गुंडाळून पाकिटात घातले, आणि आम्ही विरारच्या बाजारातल्या एका कटलरीच्या दुकानात येऊन पडलो. तिथून प्रेमलताबाईंनी आम्हाला नेले.

प्रेमलताबाई मूळच्या आगाशीच्या. त्यांचे माहेर बागायतदारांचे. केळी, पानवेली आणि पाटाचे पाणी यांत लहानपण गेलेले. लग्नानंतर त्या विरार पूर्वेला चंदनसारला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर राहायला आल्या. यजमान हरिश्चंद्र राऊत सातिवलीला, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर होते. ते सकाळी जात, रात्री येत. दिवसभर घरात बाई, लेक पूर्वी आणि आम्ही सुया.

बाईंचा हात काय सांगू! जुन्या साड्यांचे थर अंथरून त्या जमिनीवर बसत आणि कडेकडेने धावदोरा घालत आत आत जात. टाका असा की मुंगीने ओळीत चालावे. शेजारणी म्हणत, "प्रेमाताई, मशीनला जमायचं नाही हो असं." तेव्हा मला वाटे, ही माझीच तारीफ आहे. माझ्या नऊ बहिणी या काळात मोडल्या, वाकल्या, हरवल्या. मी टिकले. काम थांबले की बाई माझ्यातला दोरा काढत आणि मला पत्र्याच्या डबीत ठेवून झाकण दाबत. घाई असो, दारात पाहुणा असो, झाकण दाबल्याचा तो 'टक्' आवाज झाल्याशिवाय त्या उठत नसत.

पुढे पूर्वी लग्न होऊन बंगळुरूला गेली. त्याच पावसाळ्यात इमारतीच्या पार्किंगमध्ये बाईंना मांजराचे एक पिल्लू सापडले. पांढरे, पाठीवर पिवळट डाग. बाईंनी तिचे नाव कवडी ठेवले. कवडी बाईंच्या मागे मागे फिरे, बाईंच्याच हातचे खाई. हरिश्चंद्ररावांकडे ती ढुंकूनही बघत नसे. त्यांनाही मांजराचे वेड नव्हतेच. "तुझं मांजर माझ्या खुर्चीत बसलंय," एवढेच ते तिच्याविषयी बोलत.

दोन वर्षांपूर्वी बाई आजारी पडल्या आणि दीड महिन्यात गेल्या. कपाटातल्या बोचक्यात त्यांनी कापून ठेवलेले तुकडे तसेच राहिले, आणि डबीत मी.

मित्रांनो, बंद डबीत दिवस कळत नाहीत, पण आवाज कळतात. एके काळी या घरात बोलणे असे. आता फक्त टीव्ही, कुकरची एक शिट्टी, आणि रविवारी लेकीचा फोन. निवृत्त झालेले हरिश्चंद्रराव आणि कवडी एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहत. ते तिला ताटलीत दूध-भात वाढून बाजूला होत. ते गेल्यावर मग ती खाई.

यंदाच्या एप्रिलमध्ये उष्णतेची लाट आली. समुद्राकाठचा आपला मुलूख, इथे घामाने जीव जातो, पण असे कोरडे, भाजणारे ऊन इथल्या लोकांनाही नवे होते. हरिश्चंद्ररावांचे संध्याकाळचे नाक्यावर जाणे थांबले. तिथल्या बाकावर त्यांच्याशेजारी बसणारे जयराम पाटील मुलाकडे नाशिकला निघून गेले होते. फोनवर पूर्वी म्हणाली, "बाबा, अकरा ते पाच घराबाहेर पडायचं नाही. शपथ आहे तुम्हाला."

"कुठे जाणार मी?" ते म्हणाले.

त्यांनी खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या. बाल्कनीत कावळ्यांसाठी पाण्याचे भांडे ठेवले. कवडीसाठी मोरीजवळची फरशी दर तासाला पुसून ओली केली. तरी दुपार संपेना. अशाच एका दुपारी त्यांनी कपाट उघडले, बोचके काढले, आणि डबीचे झाकण उघडले. दोन वर्षांनी मला उजेड दिसला. वर त्यांचा चेहरा होता. त्यांचे केस पार पिकले होते.

त्यांना शिवता येत नव्हते. पहिल्या दिवशी एक टाका वितीएवढा, दुसरा तांदळाएवढा. मी त्यांच्या बोटांत चार वेळा घुसले. पण ते चिवट. आठवड्याभरात हात बसू लागला. एकच गोष्ट त्यांना काही केल्या जमेना, ती म्हणजे दोरा ओवणे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. ते दोरा ओठांत ओला करत, मला खिडकीच्या फटीतल्या उजेडात धरत, आणि दोरा माझ्या नेढ्याच्या डावीकडून, उजवीकडून जाई. कधी कधी अर्धा तास लागे. दोरा ओवून दे, असे म्हणायला घरात कोणी नव्हते. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. एकदा दोरा ओवला की तो काढायचाच नाही. काम थांबले की मला दोऱ्यासकट सोफ्याच्या हाताच्या गादीत खोचून ठेवायचे.

मला ते खटकत होते. पण सुईला तोंड कुठे असते?

त्यांच्या वर, शेवटच्या मजल्यावर फ्लॉसी नावाची पन्नाशीची बाई राहत असे. एका शाळेत ग्रंथपाल. शाळेला सुट्टी लागली होती. एक दिवस ती आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन दारात आली.

"काका, आमची स्लॅब एवढी तापते की ब्रूनोला धापच लागते. दुपारभर तुमच्याकडे ठेवू का? तो त्रास नाही देणार."

"ठेव की."

ब्रूनो स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरला आणि घोरू लागला. कवडी फ्रिजवर चढून बसली आणि दोन दिवस उतरली नाही. फ्लॉसीने जमिनीवरचे तुकडे बघितले. "एवढ्या गरमीत गोधडी, काका? कोणाला?"

हरिश्चंद्ररावांनी एक तुकडा सरळ केला. "कोणाला नाही. हाताला काम."

फ्लॉसी आणखी काही विचारणार होती. पण ते खाली मान घालून टाका घालू लागले, तशी ती निघून गेली. रोज बारा वाजता ब्रूनोला सोडायची, पाचला न्यायची. दारातल्या दारात.

मग तो दिवस आला. सकाळपासून लाईट नव्हती. पंखा बंद. दुपारी एकच्या सुमाराला हरिश्चंद्ररावांनी मला सोफ्याच्या हातात खोचले, दोरा हातभर लोंबत होता, आणि बसल्या बसल्याच त्यांचा डोळा लागला. खिडकीतली ओली चादर हलली, तसा दोराही हलला. कवडी फ्रिजवरून उतरली. तिने पंजा मारला. मग दोरा तोंडात धरला. मांजराच्या जिभेला उलटे काटे असतात, तिला दोरा थुंकता येत नाही. ती गिळत गेली, गिळत गेली, आणि दोऱ्यामागून मी ओढली गेले.

मित्रांनो, आयुष्यभर मी कापडात शिरले. जिवंत घशात कधी शिरले नव्हते. अंधार होता, ऊन ऊन ओल होती, आणि एक इवलेसे काळीज कुठेतरी जवळच धडधडत होते. मी आडवी रुतले. कवडी खोकू लागली, पंज्यांनी तोंड ओरबाडू लागली. मला मागे सरकता येत नव्हते. माझे टोक, ज्याचा मला एवढा अभिमान होता, त्याची मला पहिल्यांदा भीती वाटली.

आधी ब्रूनो भुंकला. मग हरिश्चंद्ररावांचा आवाज आला. "कवडे? काय झालं गं? कवडे!" तिच्या ओठातून दोऱ्याचे टोक बाहेर आलेले त्यांना दिसले असावे. सोफ्याचा हात त्यांनी चाचपला असावा. ते कवडीला उचलून जिना चढत गेले.

"फ्लॉसी! हिने सुई गिळलीय! दोरा दिसतोय, ओढून काढतो मी, तू तिला धर..."

"ओढू नका!" फ्लॉसी ओरडली. "काका, हात लावू नका दोऱ्याला! आत फाडेल ती. डॉक्टरकडे चला."

त्यांच्या बोटांत दोरा आला होता. मला तो ताण कळला होता. तो सुटला. तेवढ्याने कवडी वाचली, असे पुढे डॉक्टर म्हणाल्या.

ब्रूनोच्या डॉक्टर ॲनिशा यांचा दवाखाना एव्हरशाईन सिटीत. रिक्षा एक मिळेना. फ्लॉसीने स्कूटर काढली. मागे हरिश्चंद्रराव, मांडीवर भाजीची टोपली, टोपलीत टॉवेलात गुंडाळलेली कवडी आणि कवडीत मी. "पोरीची शपथ मोडली," असे ते एकदा पुटपुटले. सातिवलीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती. ऊन एवढे की टॉवेलातूनही जाणवे. दर दोन मिनिटांनी ते बाटलीतले पाणी टॉवेलावर शिंपडत आणि सारखे एकच बोलत, "आलो गं. आलोच."

दवाखान्यात डॉक्टरांनी कागद पुढे घेतला. "मांजराचं नाव?"

"कवडी."

"वय?"

"मिसेसना माहीत होतं," ते म्हणाले.

एक्स-रेत मी पांढऱ्या रेघेसारखी उमटले. कवडीला भूल दिली, आणि चिमट्याने मला धरून हळूच, शिरले होते त्याच वाटेने बाहेर काढले. बाहेर बाकावर हरिश्चंद्रराव बसले होते. दार अर्धवट उघडे होते, मला ऐकू आले. ते फ्लॉसीला म्हणत होते, "प्रेमाचं एक मांजर सांभाळता आलं नाही मला. एक मांजर." आणि ते रडले. बाई गेल्या तेव्हा ते रडल्याचे मी ऐकले नव्हते.

फ्लॉसीने पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. मग म्हणाली, "सुईत दोरा तसाच का ठेवला होता, काका?"

"ओवता येत नाही गं."

"मग मी वरच राहते ना!"

"तुला कशाला त्रास?"

"माझा कुत्रा रोज तुमच्या घरात झोपतो," फ्लॉसी म्हणाली. "खाली आले की मला वाटायचं, जरा बसावं. पण तुम्ही कधी बस म्हणालाच नाहीत."

कवडी शुद्धीवर आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. डॉक्टरांनी मला धुऊन कागदावर ठेवले. "ही नेताय?"

हरिश्चंद्ररावांनी मला उचलले. उजेडात धरले. सत्तावीस वर्षांची मी, बाईंच्या अंगठ्याने मध्ये झिजलेली. मला वाटले, नेतील. पण त्यांनी मला परत ठेवले. "नको," ते म्हणाले. "इथेच असू दे."

तेव्हापासून मी डॉक्टरांच्या फळीवर एका काचेच्या बाटलीत आहे. सोबत एक नाणे, मासे पकडायचा गळ आणि खेळण्याचे एक चाक. सगळे कुणाच्या ना कुणाच्या पोटातून निघालेले. डॉक्टर ही बाटली येणाऱ्या लोकांना दाखवतात. लोक "अरे बापरे" म्हणतात. सत्तावीस वर्षांत मी किती माणसांना ऊब दिली, ते कुणी विचारत नाही. माझा राग कुणावरच नाही. फक्त दुपारी दवाखाना बंद असतो तेव्हा बाईंचा हात फार आठवतो.

परवा हरिश्चंद्रराव आणि फ्लॉसी आले होते. कवडीची लस होती. ती टोपलीत नव्हती, हरिश्चंद्ररावांच्या खांद्याला बिलगली होती. त्यांनी डॉक्टरांना दोन लहान गोधड्या दिल्या, भुलीतून उठणाऱ्या जनावरांसाठी. डॉक्टरांनी एक स्टीलच्या टेबलावर अंथरली. मी फळीवरून पाहिले. मला टाके वाचता येतात. अर्धे टाके लांब आणि वाकडे, ते हरिश्चंद्ररावांचे. उरलेले आखूड, गच्च ओढलेले, नवशिक्या हाताचे, ते फ्लॉसीचे. मधोमध कुठेतरी दोघांच्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. बाईंनी पाहिले असते तर सगळे उसवायला लावले असते. मला मात्र त्या गोधडीवरून नजर काढवेना.

मित्रांनो, माझे दोनच शब्द ऐका. शिवण थांबली की सुईतला दोरा काढा, सुई डबीत ठेवा आणि झाकण दाबा. घरात मुके जीव असतील तर हे कधीच विसरू नका. आणि तुमच्या घरात, शेजारी, वरच्या-खालच्या मजल्यावर कोणी एकटे माणूस डोळे बारीक करून सुईशी झगडताना दिसले, तर जवळ जाऊन विचारा, "दोरा ओवून देऊ का?"

पहिल्यांदा ते म्हणतील, "नको, जमतंय मला." म्हणू देत. तुम्ही लगेच निघू नका.