मनकवडे महाराजांचा कौल

गुरुवारी सकाळी दहालाच तोताराम शेठच्या केळीच्या पॅकिंग शेडमध्ये पाय ठेवायला जागा उरली नव्हती. रिकामे क्रेट भिंतीला रचून मधली जागा मोकळी केली होती. पुढे बाया, मागे बाप्ये, आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते बाहेर उभ्या ट्रॉलीवर चढून माना लांब करून बघत होते. पाटावर मनकवडे महाराज बसले होते. समोर धुनी, उजवीकडे परात आणि परातीत बंद पाकिटांची चळत.

महाराजांनी एक पाकीट उचललं, कपाळाला टेकवलं आणि डोळे मिटले.

"कागज मी वाचत नाही, भक्तहो! कागज तर तलाठीपण वाचतो. मी मन वाचतो, मन! मनाचा एक्स-रे माझ्या या कपाळात आहे. जपानवाले मशीन घेऊन आले होते. त्यांचं मशीन बंद पडलं, पण माझं कपाळ चालूच राहिलं!"

लोक हसले, मग लगेच हात जोडून गप्प झाले.

"या मनात एक माउली आहे. हातात झाडू आहे. डावा गुडघा लई दुखतो. आणि नगराध्यक्ष म्हणून या मनात बसलीय..." महाराजांनी डोळे उघडले, "सुलक्षणा! कोण आहे ही माउली? उभी राहा!"

पुढच्या रांगेतून धुरपदाबाई उठल्या. नगरपंचायतीत ठेक्यावर झाडूकाम करणाऱ्या, पन्नाशीच्या, अंगाने किडकिडीत. "व्हय महाराज, माहीच चिठ्ठी," एवढंच त्या बोलल्या. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. खांबाला टेकून उभ्या असलेल्या पितांबर मुकादमानेही बघितलं. सफाईच्या ठेक्यावर माणसं ठेवणारा आणि काढणारा तोच.

महाराजांनी पाकीट फोडलं, आतल्या कागदावर नजर टाकली, "बरोब्बर!" म्हणाले आणि कागद धुनीत टाकला. मग पुढचं पाकीट कपाळाला लागलं.

मी मागे उभी होते. माझं नाव रत्ना. जळगावच्या एका छोट्या सर्व्हे संस्थेत गेली अकरा वर्षं काम करते. केळझिरी हे रावेर आणि यावलच्या मधलं गाव, आणि तिथे नगराध्यक्षाची निवडणूक लागली होती. एकाच पक्षाचे दोन इच्छुक होते: केळीचे व्यापारी तोताराम शेठ आणि तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या सुलक्षणाताई. घरोघरी जाऊन मतदारांना विचारा, ज्याच्या बाजूने कल असेल त्याला तिकीट देऊ, असं पक्षाने ठरवलं होतं. तो कल मोजायचं काम आमच्याकडे आलं होतं.

त्याच आठवड्यात महाराज गावात अवतरले. चिठ्ठीवर नाव लिहा, मनातली अडचण लिहा, आणि नगराध्यक्ष कोण हवा तेही लिहा, असं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी बारा पाकिटं 'वाचली'. शेवटी हात वर करून जाहीर केलं, "परातीतल्या सगळ्या मनांचा कौल मला मिळाला. दहातली नऊ मनं तोतारामकडे आहेत! ज्यांची नाहीत, त्यांचीही नावं मला ठाऊक आहेत."

शेवटचं वाक्य ऐकताना माझ्या शेजारची बाई नकळत दोन पावलं मागे सरली.

सोमवारपासून मी घरोघरी फिरायला लागले. वाट दाखवायला अय्युबचाचा होते. तेहतीस वर्षं या गावात टपाल वाटून निवृत्त झालेला हा माणूस, त्याला प्रत्येक दार माहीत होतं. पण दारं नीट उघडेनात. चाचा सोबत दिसले की माणसं ओटीवरूनच बोलायची. "तोताराम शेठ. लिहा आन जा." एका म्हातारबाबांनी तर वर पत्र्याकडे बघून मोठ्याने सांगितलं, "तोताराम, महाराज, तोताराम!" जणू महाराज पत्र्यावर बसून ऐकत होते.

चाळीस घरांत सदतीस वेळा तोताराम. मी ऑफिसला फोन केला, तर साहेब खूश. "वा, निकाल एकदम स्वच्छ आहे!" मला मात्र तो स्वच्छपणाच खुपत होता. नळाला पाणी किती वाजता येतं, यावरसुद्धा चाळीस घरांचं एकमत होत नाही. मग इथे कसं झालं?

दुपारी शाळेच्या ओट्यावर डबा खाताना मी चाचांना विचारलं, "लोक तुम्हाला बघून गप्प का होतात?"

चाचांनी भाकरी खाली ठेवली. "बेटी, धुरपदाला लिहिता येत नाही. तिची चिठ्ठी मी लिहिली होती. गुडघा, झाडू, सुलक्षणाताई, सगळं तिने सांगितलं तसं. महाराजांनी ते भर सभेत बोलून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी पितांबरने तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आता अर्धं गाव म्हणतं, महाराजांनी मन वाचलं. उरलेलं अर्धं म्हणतं, अय्युबने चुगली केली. लिहिणारा मीच होतो ना!" त्यांनी डबा बाजूला सारला. "तेहतीस वर्षं लोकांची पत्रं या हातातून गेली. कुणाचा एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आणि आता माझ्यासमोर लोक दार लोटून घेतात."

मग चाचाच म्हणाले, "एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. मी टपालवाला. आधी पाकिटावरचं वाचतो, मग देतो. हा माणूस आधी सगळं सांगतो आणि मग पाकीट फोडतो. सांगून झाल्यावर फोडायचं कशाला? आत काय आहे ते त्याला माहीत आहे ना?"

मी चमकून बघितलं. अकरा वर्षं माणसांची उत्तरं तपासणारी मी, आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि सगळ्यात पहिलं पाकीट," चाचा पुढे म्हणाले, "ते कुण्या धनसिंगचं निघालं. उभा राहून रडला, पाया पडला. या गावात धनसिंग तीन आहेत. तिघांच्या घरी मी मनीऑर्डरी दिल्यात. हा त्यातला नव्हे."

मी पिशवीतून सर्व्हेचे चार कोरे फॉर्म काढले, घड्या घालून ओट्यावर मांडले. अर्धा तास आम्ही ते उचलत होतो, कपाळाला लावत होतो, फोडत होतो. मग चाचा एकदम हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

संध्याकाळच्या आत आम्ही धुरपदाबाईंच्या घरी गेलो. त्यांनी दार अर्धंच उघडलं. "चाचा, तूच लिहिलं आन तूच सांगितलं. आता काय पाह्यजे तुले?"

"धुरपदा," चाचा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, "तुझी बहीण गेली तेव्हा तार मीच आणली होती. तुझ्या हातात देण्याआधी ती गावात कुणाला कळली होती का?"

धुरपदाबाईंनी दार पूर्ण उघडलं. "बस. काय करायचं ते सांग."

चाचांनी बेत सांगितला. ऐकताना धुरपदाबाईंचा चेहरा आधी घाबरा झाला, मग आक्रसला, आणि शेवटी त्या म्हणाल्या, "काम तर गेलंच माहं. आता मले काय भ्याव? लिही."

पुढच्या गुरुवारी गर्दी दुप्पट झाली होती. तोताराम शेठ पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. आम्ही आमचं पाकीट परातीत टाकलं. महाराजांनी जपानवाल्यांची गोष्ट पुन्हा सांगितली. या खेपेला त्यात जर्मनवालेही आले होते. पहिल्या पाकिटाला कुणी एक 'रावेरहून आलेला भक्त' उभा राहिला, रडला, पाया पडला. मग दुसरं, तिसरं, चौथं. प्रत्येक वेळी आधी बोलणं, मग फोडणं, मग "बरोब्बर!" आणि धुनी.

पाचवं पाकीट कपाळाला लागलं.

"या मनात आईचं दुःख आहे! धुरपदा, तुझा मुलगा सुरतेला आहे. त्याला कावीळ झालीय. चिंता करू नको, अंगारा पाठव. आणि तुझं मन आता शुद्ध झालं, त्यात तोताराम आला!"

शेडमध्ये वाहवा झाली. तोताराम शेठने मान डोलावली. धुरपदाबाई उठून सरळ धुनीजवळ गेल्या.

"महाराज, मले पोरगाच नाई."

महाराजांचा हात कपाळावरच राहिला.

"दोन पोरी हायेत. दोन्ही सासरी नांदू राह्यल्या. सुरत म्या कधी पाह्यली नाई. चिठ्ठीत समदं खोटं लिहून घेतलं. मनात एक होतं, कागदावर एक. तुम्ही तर मन वाचता ना? मंग कागदावरचं कसं बोलले?"

कुणीतरी मागून हसलं. महाराज सावरले. "माउली, तो मुलगा मागच्या जन्मीचा! मला मागचे सात जन्म..."

"महाराज," मी पुढे झाले, "तुमच्या हातातलं पाकीट धुरपदाबाईंचंच ना? मग फोडू नका, त्यांच्याच हातात द्या."

"द्या, द्या!" ट्रॉलीवरून आवाज आला. महाराजांनी पाकीट धुनीकडे फेकलं. पण रोज वाऱ्यावर उडणारा कागद झाडूने अडवणाऱ्या बाईच्या हातापेक्षा त्यांचा हात कुठला चपळ असणार! धुरपदाबाईंनी पाकीट वरच्यावर झेललं आणि पितांबर मुकादमापुढे धरलं. "तू वाच. तू तर शेठचा माणूस. तुह्यावर सगळ्यांचा इश्वास बसीन."

पितांबरने शेठकडे बघितलं, मग गर्दीकडे, आणि नाइलाजाने पाकीट फोडलं. "नाव, नवल... विहिरीची मोटर दोनदा जळाली... नगराध्यक्ष..." तो अडखळला. "सुलक्षणाताई."

"अरे, ती माझी चिठ्ठी!" खांबाजवळून नवल नावाचा शेतकरी ओरडला. "धुरपदाबाईच्या पाकिटात माझी चिठ्ठी कशी?"

"तिच्या पाकिटात नव्हे, तुझ्याच पाकिटात," अय्युबचाचा शांतपणे म्हणाले आणि परातीतली उरलेली पाकिटं त्यांनी हातात घेतली. "बघा. मी पहिलं पाकीट कपाळाला लावतो आणि म्हणतो, हे रत्नाताईचं. रत्नाताई माझी साथीदार, ती म्हणते, हो चाचा, माझंच. आता मी खात्री करायला पाकीट फोडतो. पण आत चिठ्ठी आहे दुसऱ्याच कुणाची." त्यांनी खरंच एक पाकीट फोडलं, डोळ्यांनी वाचलं, घडी घातली. दुसरं पाकीट, बंदच, कपाळाला लावलं. "या मनात भिकुबाई आहे. हिची म्हैस आटलीय."

"अग माय!" भिकुबाई उभ्याच राहिल्या. "माही चिठ्ठी बंदच हाये की!"

"बंद नाही, ती मी आत्ताच फोडली आणि सगळ्यांसमोर वाचली. तुम्ही बघत होतात कपाळाकडे." चाचांनी फोडलेली चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली. "आता हे बंद पाकीट खात्रीसाठी फोडीन, तेव्हा तिसऱ्याची चिठ्ठी वाचून घेईन. एकाचं फोडायचं आणि पुढच्या पाकिटावर ते बोलायचं. पहिला माणूस तेवढा आपला हवा. आणि कागद लगेच जाळायचा, म्हणजे कुणी पडताळायला नको."

शेडमध्ये सगळे एकदम बोलायला लागले. 'रावेरचा भक्त' तोवर क्रेटमागून निसटला होता. महाराज उठले, "या जागेत आज अश्रद्धा भरलीय" असं काहीबाही बोलले आणि मागच्या दाराने पिकअपमध्ये बसून गेले. तोताराम शेठ म्हणाले, मलाही फसवलं. ते खरं होतं की नाही हे मला सांगता येणार नाही, पण शेड त्यांची होती आणि कौलही त्यांच्याच बाजूचा होता.

मी ऑफिसला सविस्तर कळवलं आणि पहिले चाळीस फॉर्म बाद करायला लावले. या वेळी तोंडी विचारलं नाही. कुलूप लावलेली पेटी नेली, प्रत्येकाला सारखी छापील चिठ्ठी दिली. नाव लिहायचं नाही, आत जाऊन फक्त खूण करायची आणि स्वतःच्या हाताने पेटीत टाकायची. त्याच चाळीस घरांत तोताराम शेठना पंधरा मिळाली, सुलक्षणाताईंना एकवीस. चार चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. सगळ्या गावाचा कल त्याच वळणाने गेला आणि तिकीट सुलक्षणाताईंना मिळालं.

धुरपदाबाईंना आठ दिवसांनी पितांबरने कामावर बोलावलं. का काढलं होतं आणि का घेतलं, दोन्ही सांगितलं नाही. त्याच दिवशी त्या चाचांच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि पोरीला पत्र लिहायला सांगितलं. पोरीकडे मोबाइल आहे, पत्राची काहीच गरज नव्हती. तरी चाचांनी दोन्ही बाजू भरून लिहिलं.

गावातली काही माणसं अजूनही म्हणतात की महाराज खरे होते, त्या दिवशी फक्त मुहूर्त चुकला. त्यांच्याशी मी भांडत नाही. त्यांना एवढंच सांगते: एक चिठ्ठी घरीच लिहा, कुलपात ठेवा, किल्ली खिशात ठेवा आणि मग मन वाचणाऱ्याला विचारा की आत काय आहे. उत्तर मिळालं तर मला कळवा, मी स्वतः येऊन त्याच्या पाया पडेन.

तोवर माझं ऐका. तुम्ही बोलत नाही, लिहीत नाही, तोपर्यंत तुमच्या मनातलं जगातल्या कुठल्याही माणसाला कळत नाही. आपल्याला ते कळतं असं जो सांगतो, त्याच्या हातांकडे बघा आणि त्याच्या सांगण्याचा फायदा कुणाला होतोय ते विचारा. आणि मतदानाच्या दिवशी त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभे राहाल, तेव्हा मागे वळून बघू नका. तिथे कुणी डोकावत नाही, देवसुद्धा नाही. तुम्हाला हवं ते बटण निर्धास्त दाबा.