दिव्यावर टांगलेलं इरलं

मी एक म्हातारं इरलं आहे. नाक मुरडू नका मित्रांनो, तुमच्या खोल्यांत सुटतो त्या अत्तराच्या वासापेक्षा माझा धुराचा वास बरा होता.

अकोल्याच्या डोंगरात सहादूनं मला आपल्या बायकोसाठी, चांगुणाबाईसाठी विणलं. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, मधे पळसाची पानं. भाताच्या आवणीत, भर पावसात रोपं लावायला ती चिखलात वाकायची आणि मी डोक्यापासून कमरेपर्यंत तिच्या पाठीवर. दोन्ही हात मोकळे. पावसाळा सरला की मला चुलीवर टांगायचे. धुरानं अंग काळं व्हायचं, पण लाकूड खाणारा भुंगा फिरकायचा नाही.

पुढं गावानं प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेतली आणि सहादूचं विणणं थांबलं. अशात धरणाजवळचा एक रिसॉर्टवाला, हर्षल, दारात आला.

"बाबा, काय ओरिजिनल पीस आहे. हा नमुन्याला नेतो. असे वीस विणा, सगळे घेतो."

सहादूचं तोंड उजळलं. "न्या, पन चुलीवर टांगा. न्हाईतर भुंगा लागल."

"आमच्याकडं गॅस आहे, बाबा."

"मंग गिऱ्हाइकाच्या बिडीचा धूर द्या," चांगुणाबाई म्हणाली.

हर्षलनं माझी पानं उपसून फेकली, साबणानं काजळी खरवडली, व्हार्निश फासलं, पोटात बल्ब घातला. मला जेवणाच्या टेबलावर टांगलं. लोक खाली बसून रस्सा ओरपायचे, माझा फोटो काढायचे आणि 'आपली संस्कृती' म्हणत ढेकर द्यायचे. हे डोक्यावर घ्यायचं असतं, हे एकालाही ठाऊक नव्हतं. किळस यायची मला.

व्हायचं तेच झालं. भुंगा लागला, माझा भुसा एका बाईच्या सूपमध्ये पडला आणि मी उकिरड्यावर.

सहादू तिकडं, भुंगा लागू नये म्हणून अंधाऱ्या पंधरवड्यात बांबू तोडून, हर्षलच्या निरोपाची वाट बघत होता. शेवटी रिसॉर्टवर गेला. टेबलांवर प्लास्टिकची इरली लटकत होती.

"याला कीड लागत नाही," हर्षल म्हणाला. "तुमचा माल टिकत नाही, बाबा."

सहादूनं मला उकिरड्यावरून उचलून घरी आणलं. तोडलेले बांबू टोमॅटोच्या आधाराला गेले.

आता मी चुलीपाशी पडून आहे.

"अवो, वर टांगा की त्याला."

"टांगतो. पन डोक्यावर घेनार कोन? तूबी खोळच घेतीस."

चांगुणाबाई फुंकणी हातात घेऊन जाळाकडं बघत बसली.

मित्रांनो, आम्हाला छताला लावून जतन करू नका. पावसात डोक्यावर घ्या. लाज वाटत असेल तर सरळ चुलीत घाला. निदान कुणाचा भात तरी शिजेल.