शेवटच्या टेबलावरचा डबा

वायरमनने ट्यूबलाइटच्या जुन्या डब्यातला चोक उपटला, तसं आतलं वितळलेलं डांबर त्याच्या बोटांना चिकटलं. चोक ठेवायला त्याने शिडीवरूनच वाकून टेबलावरचे पांढरे शर्ट बाजूला सारले.

डबे गंजले होते, पण ते बदलायचे नव्हते. मालकाचं म्हणणं, चोक काढा, वायर सरळ जोडा, एलईडी नळ्या घाला, विषय संपला. स्वतःच्या केबिनला त्याने अख्खं छत नवं करून घेतलं होतं. इथे शर्ट तपासणाऱ्या बायकांनी अंधारात वर्षं काढली आणि माल परत आला की शिव्याही त्यांनीच खाल्ल्या.

"वायरमन भाऊ आहे म्हणून पहिला उजेड ताईला," शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली. "आम्ही काय सावत्र?"

"तुला उजेड कशाला? तुझी जीभच चमकते," ताई म्हणाली. दोघी हसल्या.

सुपरवायझर मागे येऊन उभा होता.

"हसून घ्या. आजवर दिव्याचं निमित्त होतं. आता नव्या नळीखालून खराब पीस गेला, की ती बाई घरी."

तो पुढे गेला. वायरमनने नळी बसवली, बटण दाबलं. टेबल पांढरंफटक झालं.

"कसं वाटतंय, ताई?"

"लख्ख. आता बघ, एक पीस सुटायचा नाही."

तिने शर्ट ओढला. बोटं शिवणीवरून सरसर गेली, काखेत थांबली, सुटा दोरा कापला. कॉलरवरून तिचा अंगठा फिरला. तिथे डांबराचा काळा ठसा होता, त्याच्याच बोटाचा, शिडीवरूनही दिसेल असा. तिने शर्टाची घडी घातली आणि पास मालावर ठेवला. वर आणखी दोन ठेवले.

टेस्टर दातात धरून तो नळीकडे बघत राहिला. मग बटण बंद केलं, नळी उतरवली आणि होल्डरची पितळी पट्टी पकडीने पिरगाळून तोडली.

सुपरवायझर परत आला. "हा का बंद?"

"डबा सडलाय. होल्डर नळी धरत नाही. नवा डबा लागेल."

"नवा डबा मिळायचा नाही. पैसे नळ्यांचेच मंजूर आहेत."

"मग इथे अंधारच राहणार. तसं लिहून घ्या."

सुपरवायझरने लिहून घेतलं.

वायरमन शिडी उचलायला वाकला. ताईने शिडीचा पाय धरून ठेवला होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

"कितवा?" तिने हळूच विचारलं.

तो बोटं पँटला पुसत राहिला. डांबर निघेना.

"वरून तिसरा. कॉलर."

तिने गठ्ठ्याच्या कडेवरून अंगठा खाली नेला. एक, दोन, तीन.