माझ्या पोटावरची भेग

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. माझ्या फुगीर पोटावर वरपासून खालपर्यंत एक भेग आहे. ती आता सरसाने बुजवलेली आहे, पण बोट फिरवले तर लागते. ती कशी पडली आणि त्यामुळे काय हुकले, तेवढे मला तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म कोलकात्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. थंड डोंगरात सावकाश वाढलेल्या झाडाची फळी निवडून मिस्त्रीने माझे पोट कोरले. व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोके त्याने मला पाडली. मग मी सिकंदराबादच्या एका हॉटेलातल्या वादकाकडे गेले. तो माझ्यावर जॅझ वाजवत असे. जॅझ म्हणजे काय, हे मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. एक धून ठरलेली असते. ती एकदा सरळ वाजवायची, मग मोडायची आणि त्याच तुकड्यांतून दरवेळी नवी बांधायची. ऐकणाऱ्याला वाटते वाट चुकली, आणि तेवढ्यात वादक घरी येऊन पोचतो. तो वादक तेवीस वर्षे माझ्यावर वाजवत राहिला. मग त्याचे हात थरथरू लागले.

त्याच सुमारास त्याच्याकडे धम्मरत्न आला. हा यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबचा, हैदराबादला भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणारा विद्यार्थी. त्याचा विषय होता लाकूड. हवेतला ओलावा कमी-जास्त झाला की लाकडाचा आवाज कसा बदलतो, हे तो मोजत होता, आणि त्यासाठी त्याला जुने वाद्य हवे होते. म्हणजे मित्रांनो, त्याच्या हातात मी आधी वाद्य म्हणून गेलेच नाही. त्याने माझ्या पोटावर मोजणीच्या यंत्राच्या वायरी चिकटवल्या, मला छेडले आणि आकडे लिहून घेतले. म्हातारा वादक दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अरे बाबा, नापते ही रहोगे या कभी सुनोगे भी?"

धम्मरत्न ऐकू लागला, आणि नंतर शिकू लागला. सकाळी प्रयोगशाळा, संध्याकाळी म्हाताऱ्याची खोली. त्याच्या बोटांना आधी फोड आले, मग घट्टे पडले. पहिल्या वर्षी त्याला फक्त भराभर वाजवायचे असे. म्हातारा त्याला थांबवून म्हणे, दोन सुरांच्या मध्ये श्वास घे. ते समजायला त्याला तीन वर्षे लागली. त्याला पदवी मिळाली तेव्हा म्हाताऱ्याने मला त्याच्या हवाली केले आणि एकच गोष्ट बजावली. तुमच्याकडची हवा कोरडी आहे, हिला तहान लागू देऊ नकोस.

आम्ही त्याच्याच जिल्ह्यात, घाटंजीला आलो. तिथल्या एका महाविद्यालयात धम्मरत्न तासिका तत्त्वावर शिकवू लागला. म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढाच पगार, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक असेल. मे महिन्यात दाराच्या कड्यालाही हात लावता येत नाही. पण धम्मरत्न माझी काळजी घेई. साबणाच्या डबीला भोके पाडून, तिच्यात ओला स्पंज ठेवून तो ती माझ्या पेटीत ठेवत असे. रोज सकाळी तो स्पंज बदलायचा आणि मगच चहा घ्यायचा. त्याची बायको सत्यशीला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ती हसून म्हणायची, "तुमी मले बी इतलं जपत नाही."

धम्मरत्नचे वडील पंजाबराव बोरी अरबला राहत. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि संध्याकाळी बुद्धविहारात ते बाजाची पेटी वाजवत. ते पहिल्यांदा घाटंजीला आले तेव्हा धम्मरत्नने त्यांना अर्धा तास जॅझ ऐकवला. ते मांडी घालून नीट ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, "धम्मा, गाणं कुठून सुरू होते बाप्पा याच्यात?"

"बाबा, ते तं मघाच सुरू झालतं."

"मंग मले काहून सापडलं नाही?"

धम्मरत्न हसला, पण ते वाक्य त्याला लागले. पुढे कित्येक दिवस तो वाजवता वाजवता मध्येच थांबत असे. मग एका सकाळी त्याच्या बोटांतून एक धून आली, जी मी कधी ऐकली नव्हती. तो लहान असताना पंजाबराव त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून दारव्ह्याला शिष्यवृत्तीच्या शिकवणीला नेत. पहाटेची वेळ, पोर डुलकी लागून खाली पडू नये म्हणून ते पायडल मारता मारता गात. शब्द काहीबाही असत, चाल त्यांची स्वतःची होती. धम्मरत्नने ती चाल घेतली आणि तिच्याखाली जॅझचे सूर रचले. चढावर दम लागल्यासारखी लय संथ होई आणि उतारावर धावे. मित्रांनो, माझ्यावर बरेच काही वाजले आहे. पण त्या दिवशी तो वादक झाला, असे मी मानते.

यवतमाळला कमलाकर म्हणून कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. ते ड्रम हळुवार वाजवत. दर रविवारी एसटीने आम्ही त्यांच्याकडे जाऊ लागलो. पुढे दोघांनी तिथल्या एका सभागृहात कार्यक्रम केला. सतरा माणसे आली आणि मध्यंतरात नऊ उठून गेली. पंजाबराव पहिल्या रांगेत बसले होते. शेवटी ती धून सुरू झाली. चार-सहा सूर झाले असतील, ते शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "हे तं आपल्या सायकलचं गाणं व्हय." नंतर त्यांनी मान खाली घातली आणि धून संपेपर्यंत वर केली नाही.

यानंतरची गोष्ट सांगणे मला जड जाते.

कॉलेजात कायमची एक जागा निघणार होती. प्राचार्यांनी धम्मरत्नला बोलावून सांगितले, "डॉक्टर, वाजवणं गिजवणं राहू द्या आता. शोधनिबंध छापा, नाहीतर दुसरा कोणी येऊन बसेल." तो तेव्हा चाळिशीला आला होता. अकरा वर्षे दर जूनला त्याचा जीव टांगणीला लागत असे. त्याचे चुकले, असे मला अजूनही म्हणता येत नाही. त्याने मला पेटीत ठेवले आणि पेटी कपाटावर ठेवली. वर लगेच तापलेला स्लॅब होता.

पहिले काही दिवस तो स्पंज बदलत होता. मग दिवसाआड, मग आठवड्याने. मग एकदाही नाही. सत्यशीलाने एकदा म्हटले, "ते खाली तरी काढून ठेवा. तिथं लय तपते." तो म्हणाला, "हे निबंधाचं होऊ दे, मंग काढतो."

पंजाबरावांचा फोन दर आठवड्याला येई. "कवा येतं रे? ते सायकलचं ऐकव एकदा."

"पुढच्या महिन्यात येतो बाबा. निबंध पाठवून राह्यलो."

असे दोन उन्हाळे गेले. एका एप्रिलच्या दुपारी तो खाली टेबलाशी बसून लिहीत होता. लिहिलेले वाक्य मोठ्याने वाचून पाहायची त्याला सवय होती. ओलावा एका मर्यादेखाली गेला की फळी आकसते आणि रेषेच्या दिशेने फाटते, असे काहीसे तो वाचत होता. त्याच क्षणी माझे पोट फाटले. टक् असा आवाज झाला. त्याने मान वर करून पंख्याकडे पाहिले आणि पुढचे वाक्य लिहायला घेतले.

तो निबंध छापून आला. जागा त्यालाच मिळाली. घरी पेढे आले.

पेढ्यांचा खोका संपायच्या आत पंजाबराव आजारी पडले. जिनिंगमधला बारीक भुसा आयुष्यभर त्यांच्या छातीत जात राहिला होता. यवतमाळच्या दवाखान्यातून त्यांना घाटंजीला आणले, ते घरी ठेवण्यासाठीच. डॉक्टरांनी आता काही उरले नाही असे सांगितले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ते म्हणाले, "धम्मा, आता तं निकाल लागला ना. वाजव."

धम्मरत्न खुर्चीवर चढला आणि त्याने पेटी खाली घेतली. त्याने झाकण उघडले. तारा गंजल्या होत्या. माझी मान वाकली होती. त्याने भेगेवर अंगठा ठेवला. तिच्याबद्दल त्याला जगातल्या कोणत्याही माणसापेक्षा जास्त माहीत होते.

तरी त्याने मला जुळवायला घेतले. एक तार तुटली. उरलेल्या पाचांवर त्याने ती चाल धरली. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. पण माझ्या पोटातून नुसती खरखर निघत होती, आणि प्रत्येक सूर थोडा खाली पडत होता. पंजाबराव डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हे कोणाचं व्हय?"

"आपल्या सायकलचं, बाबा."

"नाही बाप्पा. ते असं नव्हतं."

मग त्यांनी स्वतः गुणगुणायचा प्रयत्न केला. श्वास एका ओळीलाही पुरला नाही. सत्यशीलाने त्यांना पाणी पाजले. चौथ्या दिवशी सकाळी पंजाबराव गेले.

पुढे धम्मरत्न मला नागपूरला भारत नावाच्या कारागिराकडे घेऊन गेला. त्याने मला उलटसुलट करून पाहिले आणि स्पष्ट सांगितले, "सर, बुजवून देतो. पण पयलेचा आवाज येनार नाही." मी आता बुजवलेली आहे. आवाज पातळ झाला आहे, तरी वाजते. धम्मरत्न पुन्हा रोज वाजवतो. रविवारी कमलाकरांकडेही जातो. एकदा त्यांनी विचारले, "सर, ती सायकलची धून घ्यायची का?" तो म्हणाला, "ते आता मले आठवत नाही." हे खरे नाही. ती त्याला आठवते. बोटे त्या जागेपाशी येतात आणि दुसरीकडे वळतात, हे मला रोज कळते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना तोंड नसते. तहान लागली तरी आम्ही सांगू शकत नाही, म्हणून तुम्हीच अधूनमधून पेटी उघडून पाहत जा. आणि घरातले कोणी तुमच्याकडे काही ऐकायला मागत असेल, तर हातातले काम घटकाभर बाजूला ठेवा. लाकडाच्या भेगेला सरस मिळतो. त्या दुपारी पलंगावर पडून ज्यांनी 'हे कोणाचं व्हय?' असे विचारले होते, त्यांना मी अजून उत्तर देऊ शकलेले नाही.