लढाई सुधारल्याची बातमी

वेचलेला कापूस सरस्वतीबाईंच्या पडवीत ओतून खुर्शीदा पाणी प्यायला दाराशी टेकली. आत टीव्हीवर इराकच्या लढाईच्या बातम्या चालल्या होत्या.

"इतक्या वर्सांत पहिल्यांदा चांगली खबर हाये," सरस्वतीबाईंचे यजमान शालिग्रामकाका म्हणाले. "हल्ले कमी झाले, बाजार उघडून राह्यले. अमेरिकेतले लोकही कटाळले होते ह्या लढाईले."

पडद्यावर अमेरिकी छावणीतली जेवणाची रांग दिसत होती. हसणारे शिपाई आणि त्यांच्यापुढे पांढरी टोपी घालून भात वाढणारा माणूस. त्यानं मान वर केली.

खुर्शीदाच्या हातातला गडू गळून पडला. "काकू, हे तं फैजानचे अब्बा!"

"काहीबी काय बोलतं वं? रहेमतुल्ला कुवेतले हाये ना?" सरस्वतीबाई म्हणाल्या. तोवर चित्र पालटलं होतं.

खुर्शीदाचा नवरा रहेमतुल्ला अमडापूरच्या पंचक्रोशीत लग्नाचा स्वयंपाक करायचा. बीटीचं नवं बियाणं आलं तरी कपाशी लाल पडत गेली, लग्नं घरातल्या घरात उरकू लागली, तेव्हा तो एका दलालामार्फत कुवेतच्या हॉटेलात कामाला म्हणून निघाला. सोबत लोणारचा बिलाल होता.

शुक्रवारी रहेमतुल्लाचा फोन आला. खुर्शीदानं सलामही केला नाही.

"तुमी इराकात हाये. मी पाह्यलं तुमाले."

तो म्हणाला, "दलालानं पासपोर्ट घेतले अन् ट्रकमंदी बसवून इथं आणलं. तुले काय सांगू? पण आता शांत हाये. पहिले रोज गोळे पडत, आता आठवड्यातून एखांदा."

"तो एखांदा कोनावर पडते?"

रहेमतुल्ला हुंदके देऊ लागला. "बिलालवर पडला. रमजानच्या आधी. कांदे चिरून राह्यला होता. दलाल म्हणे, त्याच्या बायकोले, मुबीनाले, मी कळवतो."

ईद होऊन गेली होती, आणि लोणारला कुणी रडल्याचं खुर्शीदाच्या कानावर नव्हतं.

लेकाला, फैजानला, सरस्वतीबाईंकडे ठेवून दुसऱ्या सकाळी ती लोणारला पोचली. मुबीना ओट्यावर मशीनवर झबलं शिवत होती. हिला पाहताच तिनं चाक थांबवलं.

"त्याची खबर आणली असशीन तं परत जाय, आपा. दलालानं सांगतलं मले. काम सोडून पळाला, दुसरं घर केलं म्हणे त्यानं."

एसटीत जुळवलेले सगळे शब्द सोडून खुर्शीदा तिच्याजवळ ओट्यावर टेकली. दलाल असंही करू शकतो, हे तिच्या मनात आलंच नव्हतं.

"तो पळाला नाही, मुबीना. छावणीत गोळा पडला. बिलाल गेला."

मुबीना रडली नाही. "मी ईदेले त्याले बद्दुआ देल्ली," ती म्हणाली. "हात वर करून देल्ली, आपा. अन् तो तं पहिलेच…"

खुर्शीदानं तिला छातीशी धरलं. त्या दिवशी ती अमडापूरला परतलीच नाही.

दलालाचा फोन पुढे कधी लागला नाही. उन्हाळ्यात रहेमतुल्ला छावणीतून सुटून आला, तो घरी न जाता आधी लोणारला उतरला. मुबीनानं त्याला पाणी दिलं आणि एवढंच विचारलं, "त्याले माती कोनं देल्ली?"

"मी देल्ली, बहेन," तो म्हणाला. मग ती रडली.